मदत हवी आहे: ‘पर्सेफनी’ या ग्रीक नावाचा नेमका अर्थ काय?

आत्याबाई

मंडळी, जरा तातडीची मदत हवी आहे. माझा भाऊ मेलबर्नला असतो, वहिनी तिथल्याच ग्रीक कुटुंबातली. त्यांच्या लेकीचं बारसं पुढच्या महिन्यात नाशिकला करायचं ठरलंय आणि आत्या म्हणून कानात नाव सांगायचा मान माझा. नाव ठरलेलं आहे: पर्सेफनी. ग्रीकांकडे आजी-आजोबांची नावं नातवंडांना ठेवायची पद्धत आहे आणि हे वहिनीच्या आईचं नाव. त्यामुळे ते बदलणार नाही, बदलावं असं मला वाटतही नाही. ‘दुसरं ठेवा की’ असे सल्ले कृपया नकोत.

घोळ असा झालाय की आमच्या काकांनी बाळांच्या नावांच्या कुठल्याशा साइटवर अर्थ शोधला. तिथे लिहिलंय, ‘मृत्यू आणणारी’. काकांनी लगेच स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकला. तेव्हापासून घरात सुतकी वातावरण आहे. आई म्हणते, पाताळाच्या राणीचं नाव लेकराला कशाला? मी शोधलं तर एका ठिकाणी ‘वसंताची देवी’, दुसरीकडे ‘पर्शियाची मुलगी’. बारशाला विहीणबाई स्वतः येणार आहेत. त्यांच्यासमोर त्यांच्याच नावाचा असा उद्धार झाला तर मी तोंड कुठे लपवू?

तर खरा अर्थ कोणता, गोष्ट काय आहे आणि पत्रिकेवर देवनागरीत कसं छापायचं, एवढं कोणी सांगेल का?

बिनकामाचा

‘सुतकी वातावरण’ भारी! तसं घरात हाक मारताना शेवटी ‘फनी’च उरणार, हे लिहून ठेवा.

कोथिंबीर

गोष्ट मी सांगते, व्युत्पत्ती जाणकारांनी सांगावी.

देमेतेर ही धान्याची देवी, पर्सेफनी तिची आणि देवांचा राजा झ्यूस याची मुलगी. मैत्रिणींबरोबर फुलं तोडत असताना नार्सिससचं एक विलक्षण फूल दिसतं, ती हात घालते आणि जमीन दुभंगून पाताळाचा राजा हेडीस रथातून वर येतो, तिला घेऊन जातो. बापाची आतून संमती असते, हे विशेष. आई नऊ दिवस अन्नपाण्यावाचून हातात मशाली घेऊन शोधते. कळल्यावर देवलोक सोडते आणि अथेन्सजवळच्या एल्यूसिस गावात म्हातारीच्या वेषात राजाच्या घरी दाई म्हणून राहते. पुढे ती रागाने जमिनीतलं बी उगवूच देत नाही. माणसं उपाशी मरायला लागतात, देवांचे नैवेद्य बंद होतात, तेव्हा कुठे झ्यूस हलतो. मुलगी परत येते, पण निघताना हेडीसने तिला डाळिंबाचा दाणा खाऊ घातलेला असतो. त्यामुळे वर्षाचा एक तृतीयांश भाग पाताळात, उरलेला आईकडे.

ही सगळी हकिगत देमेतेरच्या ‘होमरी स्तोत्रात’ आहे. त्याची एकच हस्तलिखित प्रत हाती लागली, तीही १७७७ साली मॉस्कोत. आता ती हॉलंडमध्ये लायडनला असते. दाण्यांची संख्या वेगवेगळी सांगतात, कारण रोमन कवी ओविडने एका काव्यात सात केले, दुसऱ्यात तीन. स्तोत्रात एकच आहे.

आत्याबाई, तुमच्या आईला सांगा, माझ्या मते ही पाताळाच्या राणीपेक्षा मुलीसाठी साऱ्या देवांना वेठीला धरणाऱ्या आईची गोष्ट आहे.

शिलालेख

आधी काकांच्या स्क्रीनशॉटचं बघू. ग्रीकमध्ये ‘फेरेइन’ म्हणजे वाहून आणणं. आपल्या संस्कृत ‘भृ’ धातूचा सख्खा भाऊ. ‘फोनोस’ म्हणजे खून. दोन्ही जोडले की ‘मृत्यू आणणारी’ तयार. पण हे नावात मुळात नाही, ते ऐकणाऱ्यांच्या कानाने जोडलेलं आहे. आणि हा उद्योग नवा नाही. प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ संवादात सॉक्रेटिस म्हणतो की लोक ‘फेर्सेफोने’ असं ऐकतात आणि दचकतात. मग तो स्वतःचा अर्थ देतो: सतत हलणाऱ्या वस्तूंना स्पर्श करू शकणारी, म्हणून शहाणी. तोही ओढूनताणूनच आहे. थोडक्यात, तुमच्या काकांची पंगत २,३०० वर्षांहून जुनी आहे.

लोक नाव घ्यायला कचरायचे हे मात्र खरं. रात्री आपण सापाला ‘लांबडं’ म्हणतो, तसं अथेन्सकडे तिला नुसतं ‘कोरे’ म्हणजे ‘मुलगी’ म्हणत.

आता खरी गंमत. हे नाव एकाच रूपात सापडत नाही. होमरमध्ये ‘पेर्सेफोनेइया’, अथेन्समध्ये ‘फेर्रेफत्ता’, इटलीतल्या एट्रुस्कन लोकांकडे ‘फेर्सिप्नाइ’, रोमनांकडे ‘प्रोसेर्पिना’. (रोमनांनी त्याचा संबंध ‘प्रोसेर्पेरे’शी, म्हणजे सरपटत पुढे येण्याशी लावला, कारण अंकुर तसा जमिनीतून येतो. आपला ‘सर्प’ त्याच धातूतला. पण तेही मागाहून जुळवलेलं.) इतकी रूपं पाहून काही अभ्यासक म्हणतात की हे नाव ग्रीकांच्या आधी तिथे राहणाऱ्यांचं असावं आणि ग्रीकांना ते नीट उच्चारता येत नसावं.

रुडॉल्फ वाख्टर या स्विस भाषाशास्त्रज्ञाने दुसरा रस्ता धरला. इ.स.पू. पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या चित्रित भांड्यांवर तिच्या चित्राशेजारी ‘पेर्सोफत्ता’ असं नाव लिहिलेलं मिळतं. त्याच्या मते हे जुनं रूप. त्याचे दोन तुकडे पडतात: ‘पेर्सो’ म्हणजे कणसांची पेंढी आणि पुढचा भाग ‘झोडणे’ या अर्थाच्या धातूतून आलेला. म्हणजे पेंढ्या झोडणारी, मळणी करणारी मुलगी.

‘पेर्सो’चा अर्थ पेंढी कशावरून? तर ऋग्वेदावरून! दहाव्या मंडलातल्या ४८व्या सूक्तात इंद्र बढाई मारतो: ‘खले न पर्षान् प्रति हन्मि भूरि’. खळ्यात पेंढ्या झोडाव्यात तसा मी अनेकांना झोडपतो. ‘पर्ष’ आणि ‘हन्’, नावाचे दोन्ही तुकडे एकाच ओळीत शेजारीशेजारी. आणि ‘खल’ तर आपण अजून वापरतो, खळं!

आणखी एक. ग्रीक ‘फोनोस’ आणि संस्कृत ‘हन्’ हेही एकाच मुळातून निघालेत. आपला लोहाराचा घणसुद्धा त्याच घरातला. तेव्हा काकांच्या साइटला धातू सापडला होता, फक्त तो माणसांवर पडतोय की पेंढ्यांवर, तेवढं चुकलं.

तळटीप

शिलालेख, मजा आली, पण जरा सबुरीने. ‘पर्ष’ हा शब्द संस्कृतातही दुर्मिळ आहे. एवढ्याशा खुंटीला सगळा भार टांगलाय. मला स्वतःला वाख्टरचं मत पटतं, कारण धान्याच्या देवीच्या मुलीला ते शोभतं आणि भांड्यांवरची अक्षरं हा भक्कम पुरावा आहे. तरी पत्रिकेवर ‘अर्थ:’ असं ठासून छापू नका.

पर्शियाचा काही संबंध नाही, ते नुसतं ध्वनिसाम्य.

‘वसंताची देवी’बद्दल. आपण युरोप म्हटलं की बर्फ डोळ्यांसमोर आणतो आणि ती पाताळात असते तो हिवाळा समजतो. स्तोत्रातही ती वसंतात फुलांबरोबर वर येते असं आहे. पण ग्रीसमध्ये गहू-जव पेरतात शरदात, पाऊस पडतो हिवाळ्यात, कापणी मे-जूनला. अगदी रब्बीच म्हणा ना. तिथे ओसाड असतो तो कोरडा उन्हाळा. म्हणून मार्टिन निल्सनसारख्या अभ्यासकांनी मांडलं की पर्सेफनी पाताळात जाते म्हणजे मळणीनंतर धान्य जमिनीखालच्या साठवणीत जातं आणि पेरणीला वर येतं. एल्यूसिसला या मायलेकींचा होणारा मोठा गुप्तविधीही सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, पेरणीच्या तोंडावर असे. हे मत सगळ्यांना मान्य नाही, पण पेव माहीत असलेल्या माणसाला पटकन कळतं.

आत्याबाई

अहो, किती छान! पेवाचा मुद्दा आईला ताबडतोब पटला, तिच्या माहेरी पेव होतं. काका मात्र ‘पण राणी पाताळाचीच ना’ यावर अडून बसलेत. आणि छापायचं कसं ते राहिलंच.

शिलालेख

‘पर्सेफनी’ हा इंग्रजी उच्चार. आजचे ग्रीक ‘पेर्सेफोनी’ म्हणतात, जोर ‘फो’वर. प्राचीन उच्चार ‘पेर्सेफोने’ आणि त्यातला फ आपल्या फळातला, दोन्ही ओठ मिटून काढायचा. आज तो फॅनमधला झालाय. आजी जसं म्हणतात तसंच छापा: पेर्सेफोनी. लाडाने ‘पेर्सा’ म्हणतात, ‘फनी’चा धोका टळला.

कोथिंबीर

काकांसाठी एक औषध आहे. दक्षिण इटलीत लोक्री नावाची जुनी ग्रीक वसाहत होती. तिथे पर्सेफनीचं मोठं देवस्थान होतं आणि ती लग्नाची, लेकराबाळांची रक्षणकर्ती मानली जायची. नवऱ्या मुली तिला भाजक्या मातीच्या चित्रपट्ट्या वाहत. त्यातल्या बऱ्याच आज रेज्जोच्या संग्रहालयात आहेत. एकीवर ती हेडीसशेजारी सिंहासनावर बसलीय, हातात कोंबडा आणि धान्याच्या लोंब्या. दुसरीवर एक बाई टोपलीचं झाकण उघडतेय आणि आत तान्हं बाळ! ही पट्टी ग्रुपवर टाका, स्क्रीनशॉटला स्क्रीनशॉटने उत्तर.

आत्याबाई

टाकली! काकांनी अंगठा दाखवलाय, म्हणजे विषय मिटला. आता शेवटचं. आईने पाळण्याजवळच्या फळांत डाळिंब आणायचं ठरवलंय. चालेल का? की त्यांच्याकडे अशुभ?

कोथिंबीर

उलट, ग्रीसमध्ये नववर्षाला उंबऱ्यावर डाळिंब फोडतात, जितके दाणे उधळतील तितकी बरकत. पण मृतांच्या नावाने चर्चमध्ये वाटतात त्या उकडलेल्या गव्हाच्या प्रसादातही तेच दाणे घालतात. तेव्हा विहीणबाईंना फोन करून विचारा आणि मग खुशाल ठेवा.