मदत हवी आहे: छोटं वाफेचं इंजिन हवेवर पळतं, वाफेवर दोन फेऱ्यांत थांबतं

लेथवाला_मिरज
दीड वर्ष खपून 32 मिमी अंतराच्या रुळांवरचं इंजिन केलंय. दोन ऑसिलेटिंग म्हणजे स्वतःच डोलणारे सिलिंडर, बोअर (आतला व्यास) 10 मिमी, स्ट्रोक (दट्ट्याची धाव) 16 मिमी. सायकलच्या पंपाने हवा दिली की भिंगरीसारखं पळतं. वाफेवर मात्र हाताने ढकललं तर दोन फेऱ्या घेतं, धुराड्यातून गरम पाणी थुंकतं आणि थांबतं. पोर्ट फेस, म्हणजे वाफेच्या भोकांचा सपाट भाग ज्यावर सिलिंडर डोलतो, तो काचेवर पॉलिश पेपर ठेवून पुन्हा घासला, फरक शून्य. रविवारी भाचा येतोय, चालवून दाखवायचं कबूल केलंय. प्लीज लवकर सांगा.

खटपट्या
बॉयलर केवढा? जाळ कशाचा? प्रेशर किती? काहीच लिहिलं नाहीत.

स्प्रिंगवाले_काका
सिलिंडरच्या पिव्होटची स्प्रिंग सैल आहे. वाफ फेसमधून निसटते. दोन आटे आवळा, माझं असंच सुटलं होतं.

नेरळचा_बाळू
32 मिमी म्हणजे माथेरानच्या 610 मिमीच्या रुळांना 1:19 चं प्रमाण अगदी बरोबर बसतं! 1907 ची लाईन आमची. तिच्या जुन्या इंजिनासारखं करताय का? रंग कोणता देणार?

लेथवाला_मिरज
रंगाचं नंतर बघू. बॉयलर तांब्याच्या पाइपाचा, बाहेरून 41 मिमी, लांबी 110. स्पिरिटच्या तीन वाती. गेज नाही, रेडीमेड सेफ्टी व्हॉल्व्ह आहे, त्यावर दीड किलो (दर चौरस सेंमीला) लिहिलंय. काका, स्प्रिंग आवळली तर हवेवरही अडकतं.

खटपट्या
पाणी किती भरता?

लेथवाला_मिरज
गळ्यापर्यंत. जास्त वेळ चालावं म्हणून.

खटपट्या
मग तेच. या मापात आत जेमतेम 130 मिली मावतं. उकळी फुटली की वर वाफेला जागाच नाही, पाणीच नळीत शिरतं. 90 च्या वर भरू नका. शिवाय थंड सिलिंडरला लागून पहिली वाफ पाणी होतेच, म्हणून सुरुवातीला हाताने दहा-बारा फेऱ्या फिरवून पाणी बाहेर पडू द्या. वाफेची नळी जाळाच्या वरून वळवून नेलीत तर वाफ आणखी सुकी मिळेल. आणि स्टीम ऑइल घालताय ना?

लेथवाला_मिरज
मशीनचं तेल घालतो.

खटपट्या
साधं तेल ओल्या वाफेत धुऊन जातं. स्टीम ऑइल जाड असतं, पाण्याबरोबर मिसळून चिकटून राहतं. तेच आणा.

पवार_बॉयलर
मी साखर कारखान्यात 31 वर्षं बॉयलरवर होतो. पुढचं सगळं सोडा, एक सांगा: डाख कसला लावलाय?

लेथवाला_मिरज
हार्डवेअरमध्ये मिळते ती सोल्डर वायर, 60/40, म्हणजे 60 टक्के कथील, 40 टक्के शिसं. गळत नाही, पंपाने तपासलंय.

पवार_बॉयलर
जाळ बंद करा आणि आता पेटवू नका. 60/40 कथलाचा डाख 183 अंशांवर मऊ पडायला लागतो. दीड किलोच्या वाफेचं तापमान सुमारे 127, म्हणजे पाणी असेपर्यंत ठीक वाटेल. पण स्पिरिटची ज्योत त्याहून कितीतरी गरम. पाणी संपलं की डाखाला गार ठेवणारं काही उरत नाही. आणि हवेने तपासू नका! बॉयलर पूर्ण थंड पाण्याने भरून, हवा काढून, दुप्पट म्हणजे तीन किलोवर हातपंपाने तपासा. पाणी दबत नाही, फुटलं तर नुसती गळती होते. दबलेली हवा नि वाफ मात्र तुकडे उडवतात. 25 लिटरच्या आतल्याला बॉयलर कायदा लागू नाही, म्हणजे तपासायला कोणी येणार नाही. ते आपल्यालाच करायचं.

स्प्रिंगवाले_काका
उगाच घाबरवताय. जुन्या खेळण्यांत कथलाचाच डाख असायचा.

पवार_बॉयलर
असायचा. प्रेशरही नाममात्र असायचं. समोर पोरगं बसणार आहे, म्हणून बोलतोय.

पंत_ठाणे
मी तर मोटर आणि धुराचं छोटं यंत्र वापरतो, लहान मुलांना तेवढ्यातच आनंद होतो. दाखवू का फोटो?

खटपट्या
पवारकाकांशी शंभर टक्के सहमत. डाख चांदीचा हवा, 55 टक्के चांदीवाला, 630 ते 660 अंशांत वितळतो. कॅडमियमवाला अजिबात घेऊ नका, धूर विषारी असतो. पुण्यातल्या तांबट आळीत विचारा. टोकाच्या चकत्या पितळी नाहीत ना? पितळातलं जस्त हळूहळू झिजतं.

लेथवाला_मिरज
चकत्या तांब्याच्याच आहेत. पवारकाका, बॉयलर सोडवून उलटा केला. मागच्या चकतीखाली, जिथे तिसरी वात लागते, तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा चकचकीत थेंब लोंबतोय. मी बसवला तेव्हा तो नव्हता. शेजारी नखाएवढी जागा कोरडी, उघडं तांबं दिसतंय. तुम्ही नसतं विचारलं तर रविवारी पेटवणारच होतो. आईला अजून सांगितलेलं नाही. भाच्याला पंपाच्या हवेवर दाखवतो. चांदीचा डाख लावायला किती घेतील, अंदाज आहे का कोणाला?

नेरळचा_बाळू
हवेवरही छानच पळेल हो. रंग लाल द्या.