ग्रेन-फ्री केला म्हणून केक हेल्दी होतो का?

खादाडखाऊ (धागाकर्ता):
सध्या जिकडेतिकडे ग्रेन-फ्री (म्हणजे गहू-तांदूळ असं कुठलंच धान्य नसलेली) ब्राउनी, फ्लॉवरच्या बेसचा पिझ्झा, झुकिनीच्या नूडल्स, बदामाच्या पिठाचे पॅनकेक हेच चाललंय आणि प्रत्येक रेसिपीच्या डोक्यावर 'गिल्ट-फ्री' लिहिलेलं असतं. माझं म्हणणं सरळ आहे, बऱ्याचदा यात हेल्दी असं काही नसतं, एक पीठ काढून दुसरं घातलेलं असतं बस. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ३६० कॅलरी आणि ७५ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. तेवढ्याच बदाम पिठात कार्ब्स २० च्या आसपास, मान्य, पण फॅट ५० ग्रॅम आणि कॅलरी ६०० च्या घरात. वर त्यात मध नाहीतर मेपल सिरप ओतायचं, का तर म्हणे नॅचरल, आणि मग हेल्दीच आहे की म्हणत एकाच्या जागी तीन तुकडे हाणायचे. अहो मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते. त्यापेक्षा खऱ्या केकचा छोटा तुकडा खा आणि मोकळे व्हा, हाय काय अन् नाय काय.

साखरझोप:
असहमत. तुम्ही कॅलरी मोजताय, मला रक्तातली साखर मोजावी लागते. टाइप २ डायबिटीस आहे, मैद्याचा पिझ्झा खाल्ला की मीटरवर जो आकडा दिसतो तो फ्लॉवरच्या बेसला दिसत नाही, आणि यात आश्चर्य काय, फ्लॉवरमध्ये १०० ग्रॅमला ५ ग्रॅम कार्ब्स असतात. 'छोटा तुकडा खा' हे सांगणं सोपं आहे हो, पिझ्झाचा छोटा तुकडा खाऊन थांबणारा माणूस मला एकदा बघायचाय. माझ्यासाठी प्रश्न असा आहे की शुक्रवारी सगळे पिझ्झा खात असताना मी सॅलड चघळत बसायचं का.

निरीक्षक:
साखरझोप, मुद्दा बरोबर पण एक सांगतो, मीटर कधी बघता त्यावर बरंच आहे. चीज, बदाम असं फॅट भरपूर असलं की पोट हळू रिकामं होतं, साखर उशिरा चढते, दोन तासांनी आकडा छान दिसतो आणि चौथ्या तासाला वेगळाच. कधीतरी उशिराही चेक करून बघा, औषधांचं डॉक्टरांशी बोलून. बाकी फ्लॉवरच्या बेसचं म्हणाल तर बहुतेक रेसिप्यांमध्ये निम्मं चीजच असतं, तेव्हा 'भाजीचा पिझ्झा' वगैरे जरा दमानं.

ओव्हनवाली:
हेल्दी-बिल्दी बाजूला ठेवा, आधी ते जमतंय का कुणाला? लोकांचं बिघडतं कारण गव्हाची रेसिपी घेऊन फक्त पीठ बदलतात. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रोटीन भिजवल्यावर जाळं धरतं आणि गॅस त्यात अडकतो, म्हणून ब्रेड फुगतो. बदामाच्या पिठात ते जाळंच नाही, मग अंडं किंवा इसबगोल घालून बांधावं लागतं. (काही इसबगोलाने ब्रेड चक्क जांभळट होतो, घाबरू नका, खाता येतो.) नारळाच्या पिठाची तऱ्हाच वेगळी, इतकं पाणी पितं की एक वाटी मैद्याला पाव वाटी पुरतं, तेही अंडी वाढवून. आणि फ्लॉवर! ९० टक्क्यांच्या वर पाणी आहे त्यात. किसा, वाफवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मलमलच्या फडक्यात घालून पिळा, हात दुखेपर्यंत पिळा, थेंब यायचा थांबला असं वाटलं की परत एकदा पिळा. मग अंडं-चीज घालून पातळ थापा आणि टॉपिंग न घालता आधी नुसता बेस २२० डिग्रीला कडा ब्राऊन होईपर्यंत भाजा. हे न करता 'लगदा झाला' म्हणून रडणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

खादाडखाऊ:
एवढं पिळून शेवटी हातात काय, अंड्याचं ऑम्लेट फ्लॉवर घालून 😄 (हलकं घ्या)

ओव्हनवाली:
ऑम्लेट तर ऑम्लेट, कडा कुरकुरीत असतात.

गव्हाशी_वैर:
धागाकर्ते, तुमच्यासाठी ही फॅशन असेल, मला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे ग्लुटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार. आमच्यासाठी 'खऱ्या केकचा छोटा तुकडा' हा पर्यायच नसतो, चमचाभर गव्हानेही आतड्याचं नुकसान होतं. हे बदामाचे केक नसते तर वाढदिवसाला मेणबत्ती केळ्यावर लावली असती.

निरीक्षक:
तुमच्याबद्दल वादच नाही. पण सीलिअ‍ॅकला ग्लुटेन सोडायचं असतं, धान्य नव्हे. तांदूळ, मका, ज्वारी तुम्हाला चालतात की. आणि उलटं म्हणजे पाकिटावर ग्रेन-फ्री आहे म्हणून ते तुम्हाला सुरक्षितच असेल असंही नाही, तेच यंत्र गव्हासाठी वापरलं असेल तर झालं कल्याण. ग्लुटेन-फ्री लिहिलंय का ते वेगळं बघायला हवं.

गव्हाशी_वैर:
हो ते माहितीये, वर्षानुवर्षं पाकिटांच्या मागची बारीक अक्षरं वाचण्यातच जातंय आमचं आयुष्य. पण तांदळाच्या पिठाचा केक दुसऱ्या दिवशी कोरडा ठक्क होतो, बदामाचा ओलसर राहतो. चव म्हणून करते, डाएट म्हणून नाही.

आदिमानव:
इथे कुणी मूळ मुद्द्यावर बोलतच नाहीये. धान्यातच अँटिन्यूट्रिएंट्स असतात, फायटिक अ‍ॅसिडमुळे लोह, झिंक शोषलं जात नाही. धान्य सोडल्यापासून पोट हलकं आहे, यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

निरीक्षक:
बदामातही फायटिक अ‍ॅसिड भरपूर असतं हो, आणि ऑक्झलेटही, किडनी स्टोनवाल्यांनी बदाम पिठाचे केक जपूनच खावेत. धान्यातलं फायटिक अ‍ॅसिड निदान आंबवून कमी तरी होतं. पोट हलकं वाटायला धान्याबरोबर सुटलेले बिस्किटं-बर्गर कारण नसतील कशावरून? आणि फायबरचं काय, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मोठा आढावा आला होता, दिवसाला २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, टाइप २ डायबिटीस कमी दिसले, अख्ख्या धान्याच्या बाजूनेही निष्कर्ष होते.

आदिमानव:
फायबर भाज्यांतूनही मिळतं. आणि असल्या आढाव्यातले बरेचसे अभ्यास नुसत्या निरीक्षणाचे असतात, फायबर खाणारे लोक व्यायामही करतात, सिगारेटही कमी ओढतात.

निरीक्षक:
त्यात प्रत्यक्ष प्रयोगांचेही आकडे होते, वजन-कोलेस्टेरॉल त्यातही उतरलेलं. पण भाज्यांतून मिळतं हे खरंच आहे, फक्त ब्राउनीतून मिळत नाही.

मूकवाचक:
पहिल्यांदाच लिहितेय. मला विकतच्या ग्रेन-फ्री गोष्टींचा जास्त राग येतो. मागे उलटून बघा, टॅपिओका स्टार्च, बटाट्याचा स्टार्च, आरारूट. धान्य नाही हे अगदी खरं, पण तो निव्वळ स्टार्च आहे, साखर चढवायला मैद्याच्या तोडीस तोड. त्यापेक्षा बेसनाचा पास्ता चांगला, बेसनात १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रोटीन आणि १० च्या आसपास फायबर.

आदिमानव:
बेसन म्हणजे कडधान्य. आम्ही तेही खात नाही.

खादाडखाऊ:
मग खाता काय राव!

साखरझोप:
मूकवाचक +१, लिहीत राहा. बाय द वे, मला झुकिनीच्या नूडल्स कधीच आवडल्या नाहीत, सॉस टाकला की प्लेटमध्ये तळं. त्या सोडल्या आणि सॉसच वांग्याच्या भाजलेल्या कापांवर घालते, नूडल्सचं नाटकच नको. भाजीला भाजीसारखं वागवलं की बरी लागते.

खादाडखाऊ:
हेच!! हेच म्हणतोय मी पहिल्यापासून. नक्कल करू नका, जे मुळातच पिठाशिवाय चांगलं लागतं ते खा. १९९५ साली सिडनी विद्यापीठात कुठल्या पदार्थाने पोट किती भरल्यासारखं वाटतं ते मोजलं होतं, पांढरा ब्रेड १०० धरला तर उकडलेला बटाटा ३२३ आणि तळाला क्रोसाँ (लोण्याचा फ्रेंच पाव) ४७. बटाटा धान्य नाही, कम्फर्ट फूड तर आहेच.

साखरझोप:
डायबिटीसवालीला बटाटा सुचवताय, धन्य.

नवशिकी_बेकर:
अवांतर आहे पण विचारते, घरात एकाला नट्सची अ‍ॅलर्जी म्हणून बदामाऐवजी सूर्यफुलाच्या बियांचं बटर घालून मफिन केले, गार झाल्यावर कापले तर आतून हिरवेगार! फेकू का?

ओव्हनवाली:
नका फेकू. सूर्यफुलाच्या बियांत क्लोरोजेनिक अ‍ॅसिड असतं, त्याचा सोड्याशी संबंध आला की हिरवा रंग येतो, अपाय काही नाही. पुढच्या वेळी सोडा थोडा कमी करा आणि चमचाभर लिंबाचा रस घाला. मुलं असतील घरात तर लिंबू घालूही नका, हिरवे मफिन पहिले संपतात.