१४ वर्षं ऑफिस सांभाळलं, आता स्वतंत्र कामाचा दर कसा लावू?

शाईपेन:
पुण्यातल्या इंजिनीअरिंग कंपनीत १४ वर्षं ॲडमिन: खरेदी, विक्रेत्यांची बिलं, हजेरी, पत्रव्यवहार. सगळं धरून कंपनीला मी महिना ५४,०००ला पडते. आता हीच कामं लहान कारखान्यांसाठी घरून करायची आहेत. १७६ तासांनी भागलं तर तासाला ३०७ रुपये येतात. त्यावर "डेटा एन्ट्रीवाले दीडशेत करतात" असं ऐकायला मिळतं. अनुभवाचे पैसे मागायचे कसे?

टाचणी:
भागाकारच चुकलाय. नोकरीत चहाच्या नि रिकाम्या वेळेचेही पैसे मिळतात. इथे कोटेशन, फोन, वसुली यांचं बिल कुणाच्या नावाने फाडणार? आठवड्याचे २५ तास बिलात आले तरी खूप. सण, आजारपण, गावी जाणं वजा जाता ४६ आठवडे, म्हणजे ११५० तास. लॅपटॉपचा घसारा, नेट, आरोग्य विमा, हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर, व्यवसाय कराचे २,५०० असा लाखभर खर्च धरा. ६,४८,००० अधिक १,००,०००, भागिले ११५०: तासाला ६५०. हा नुसता पगार भरून काढणारा दर झाला.

जमाखर्च:
गणित बरोबर, पण ६५० स्वतःपाशीच ठेवा. तासावर बिल लावलं की अनुभवी माणूस मार खातो: नवख्याला ६ तास लागणारं काम तुम्ही ३ तासांत उरकता आणि बिल निम्मं होतं. महिन्याचा ठोक दर सांगा. ४० विक्रेते, १५० बिलं, २५ माणसांची हजेरी याला २० तास लागत असतील, तर १३,०००च्या खाली उतरू नका. कामाची ही हद्द करारात लिहा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात "ताई, जरा बँकेतही जाऊन या" सुरू होतं.

राहिला अनुभव. वर्षं कुणी विकत घेत नाही. काय बिघडणार हे आधी ओळखणं विकलं जातं. विक्रेत्याने ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१मध्ये (त्याच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये) बिल चढवलं नाही, किंवा जीएसटी नंबरात एक अक्षर चुकवलं, तर १४ तारखेच्या २बीमध्ये (खरेदीदाराला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) ते दिसत नाही आणि खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट लटकतं. २ लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये! दीडशेवाला बिल टाइप करून मोकळा होतो. तुम्ही ५ तारखेला खरेदीची यादी काढून ८-९ला विक्रेत्यांना फोन लावता. (तिमाही रिटर्न भरणारे विक्रेते वेगळे काढा, त्यांच्या तारखा निराळ्या.) प्रस्तावात हेच लिहा, ३६,०००च्या आकड्यासकट. तसंच पीएफ नि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) भरायची १५ तारीख गाठायला हजेरी ३ दिवस आधी पक्की करणं. रिटर्न भरणं मात्र सीएवर सोडा, आणि मालकाच्या डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखा असतो तो) घरी ठेवून घेऊ नका.

शाईपेन:
६५०चं आता कळलं. नमुना म्हणून सध्याच्या कंपनीतली एक्सेल शीट दाखवली तर चालेल?

दौत:
अजिबात नको. त्यातले दर कंपनीचे आहेत, आणि समोरचाही मनात म्हणतो, उद्या ही माझीही दाखवेल. कोऱ्या शीटमध्ये १० काल्पनिक बिलं भरा, २ चुका मुद्दाम पेरा आणि त्या पकडणारा जुळणी तक्ता दाखवा. अनुभव प्रमाणपत्रात बहुधा पद नि तारखाच येतात. राजीनाम्याआधी एचआरकडून कामांची यादी त्यात घालून घ्या.

उद्यम नोंदणीही (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) करा. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते. त्यानंतर गिऱ्हाईकाने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. उद्यम क्रमांक बिलावरच छापा. जीएसटी नोंदणी वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की लागते, तोवर बिलात जीएसटी लावायचा नाही.