काल रात्रीचा सिनेमा

नीलाकाकू (बी-३०२): काल क्लब हाऊसमध्ये डिकन्सच्या अपुऱ्या राहिलेल्या कादंबरीवरचा १९३५ चा 'मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' बघायला आलात, फार बरं वाटलं. क्लॉड रेन्सचा जॅस्पर अजून डोळ्यांपुढून हलत नाहीये.

सागर (ए-१०४): पण काकू, मामा जॅस्परने भाचा एडविनला मारलं हे लगेचच कळतं. मग रहस्य कुठे उरलं?

नीलाकाकू: अरे, खुनी कोण हा प्रश्नच नाही. अफूच्या अड्ड्यावर पडून राहणारा माणूस कॅथीड्रलमध्ये गायकवृंदाकडून भजनं गाऊन घेतो, भाच्यावर जीवही टाकतो. रहस्य त्याच्या मनाचं आहे.

विनूकाका (सी-२०१): अड्ड्यावरून आठवलं. कादंबरीत तिथे एक लास्करही पडलेला आहे. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या बोटींवरचे आपल्याकडचे खलाशी, त्यात कोकणातलेही पुष्कळ असत. पण शेवटाचं मला पटलं नाही. डिकन्स ९ जून १८७० ला गेले, १२ मासिक भागांतले ६च झाले होते. पुढचं सिनेमावाल्यांनी मनाने जोडलं.

नीलाकाकू: सगळंच मनाने नाही हो. त्यांचे मित्र जॉन फॉर्स्टर यांनी चरित्रात लिहून ठेवलंय, खून मामानेच करायचा होता. प्रेत कळीच्या चुन्यात विरघळतं, सोन्याची अंगठी तेवढी शाबूत राहते आणि तिच्यामुळे सगळं उघड होतं.

सागर: मग सिनेमा बरोबरच आहे की!

नीलाकाकू: एक मोठी गोष्ट गेली. फॉर्स्टर सांगतात, शेवटी जॅस्पर फाशीच्या कोठडीत बसून स्वतःचीच कथा सांगणार होता, पण दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी. सिनेमात त्याऐवजी पाठलाग आणि मृत्यू. रेन्सच्या आवाजात ती कोठडी ऐकायला मिळायला हवी होती, ही हळहळ मला कालपासून आहे.

विनूकाका: हे मात्र खरं. आणि ज्या रोझासाठी भाच्याला मारलं, तिच्याशी त्याचं ठरलेलं लग्न आधीच मोडलेलं. दोघांनी समजुतीने मोडलं होतं, मामाला सांगायचंच राहिलं. कळल्यावर तो कोसळतो, तेव्हा मला त्याची दयाच आली.

सागर: काकू, डिकन्सनी शेवटी काय लिहिलं होतं?

नीलाकाकू: जॅस्परवर पाळत ठेवणारा डॅचरी नावाचा गृहस्थ कपाटाच्या दारावर खडूने वरपासून खालपर्यंत एक जाड रेघ ओढतो आणि चवीने नाश्ता करू लागतो. बस, तिथेच थांबलंय.

सागर: पुस्तक आहे का तुमच्याकडे?

नीलाकाकू: आहे ना. संध्याकाळी सहानंतर ये वर.