एअरबॅगचा दिवा पेटला, हॉर्न मुका झाला: क्लॉक स्प्रिंग घरी बदलता येईल का?

कृष्णाकाठ (प्रश्न)

गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे दोन एअरबॅग, स्टेअरिंगवर ऑडिओची बटणं, इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग, ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) नाही. मध्यंतरी स्टेअरिंग रॅक (पुढची चाकं वळवणारा भाग) उतरवून काम करून घेतलं. तेव्हापासून वळण घेताना स्टेअरिंगच्या चाकाच्या आतून खसखस असा आवाज यायचा. आता हॉर्न वाजत नाही, ऑडिओची बटणं बंद आणि एअरबॅगचा दिवा कायम पेटलेला. हॉर्नचा फ्यूज तपासला, चांगला आहे. रिले बदलून पाहिला, फरक नाही.

गॅरेजवाल्याच्या मते क्लॉक स्प्रिंग गेली आहे. निदान बरोबर वाटतं का? आणि सॉकेट सेट, मल्टिमीटर हाताशी असेल तर हे काम घरी करण्यासारखं आहे का? एअरबॅग उडेल याची धास्ती वाटते.

पिवळा_कनेक्टर

निदान जवळजवळ पक्कं आहे. एकटा हॉर्न गेला असता तर हॉर्न, रिले, हॉर्नपॅडचा कॉन्टॅक्ट असे चार संशयित निघाले असते. एकटा एअरबॅगचा दिवा असता तर आधी सीटखालचा पिवळा कनेक्टर हलवून बघा म्हटलं असतं. पण हॉर्न, बटणं आणि ड्रायव्हरची एअरबॅग या तिघांची वाट स्टेअरिंगच्या चाकामागच्या एकाच डबीतून जाते, तीच क्लॉक स्प्रिंग. तिन्ही एकदम गेले म्हणजे ती डबीच.

त्या प्लॅस्टिकच्या डबीत तांब्याच्या पट्ट्या असलेली चपटी फीत मापाच्या टेपसारखी गुंडाळलेली असते. चाक फिरलं की ती सैल होते किंवा आवळते, त्यामुळे वायर न पिळता जोडणी टिकते. फितीची लांबी मोजूनमापून दिलेली असते, मध्यापासून दोन्हीकडे साधारण अडीच ते तीन फेरे. रॅक उतरवताना स्टेअरिंगचा कॉलम खालून सुटतो आणि चाक मोकळं फिरतं. कोणी सहज दोन फेरे फिरवलं आणि तसंच जोडलं, की फितीचा मध्य सरकला. मग एका बाजूला पूर्ण वळण घेतलं की फीत ताणून तुटते, दुसऱ्या बाजूला दुमडून घासते. तुमची खसखस तीच. म्हणून कॉलम सोडण्याआधी चाक सरळ करून सीटबेल्टने बांधून ठेवायचं असतं.

खात्री करायची तर स्कॅनर लावा. ह्युंदाई-कियामध्ये बी १३४६ म्हणजे ड्रायव्हर एअरबॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स जास्त, बी १३४७ म्हणजे कमी. इतर कंपन्यांचे आकडे वेगळे, अर्थ असाच. 'जास्त' किंवा 'ओपन' आलं तर तुटलेली फीत, 'कमी' आलं तर फितीतल्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटल्या असण्याची शक्यता. साध्या ओबीडी डोंगलला बहुतेकदा फक्त इंजिनाचे कोड दिसतात, एसआरएस (एअरबॅगची यंत्रणा) वाचणारा स्कॅनर हवा.

नट_बोल्ट

घरी होतं. पण क्रम मोडायचा नाही आणि घाई करायची नाही.

गाडीची पुढची चाकं सरळ करून ठेवा. एअरबॅग मागून काढायची असते, म्हणजे स्टेअरिंगचं चाक दोन्हीकडे पाव फेरा वळवावं लागेल. बॅटरी काढल्यावर इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची मदत नसते, चाक जड जातं, पण वळतं. चावी आतच ठेवा म्हणजे स्टेअरिंग लॉक होणार नाही. पुशबटणवाल्या काही गाड्यांत लॉक इलेक्ट्रिक असतो, तिथे तो उघडा असतानाच बॅटरी काढायची, नाहीतर चाक जागचं हलणार नाही.

१० नंबरच्या पान्ह्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि टर्मिनलला परत टेकणार नाही अशी बाजूला बांधा. मग थांबा. एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून. तो रिकामा व्हायला वेळ लागतो. टोयोटाचं मॅन्युअल ९० सेकंद म्हणतं, होंडाचं ३ मिनिटं. सरसकट १० मिनिटं धरा, चहा होतो तेवढ्यात.

चाकाच्या मागे बाजूला भोकं दिसतील. काही गाड्यांत आत टॉर्क्स स्क्रू असतात, टी-३० वगैरे, तर काहींत स्प्रिंगची तार, जी चपट्या पेचकसाने दाबली की एअरबॅग खट्कन पुढे येते. तार असेल तर कुठे दाबायची ते आपल्या मॉडेलचं बघून घ्या. अंदाजाने खुपसत बसलं तर कव्हर ओरबाडतं.

एअरबॅग पुढे आली की ओढू नका. मागे पिवळा कनेक्टर असतो, दोन टप्प्यांची एअरबॅग असेल तर दोन. मधली छोटी जीभ आधी बारीक पेचकसाने वर उचला, मग कनेक्टर सरळ ओढा. वायरला धरून नाही. एअरबॅग उचलून नेताना शोभेची (कव्हरची) बाजू अंगापासून लांब, आणि ठेवताना तीच बाजू वर. पालथी ठेवली आणि उडाली, तर अख्खं मॉड्यूल छताकडे जातं.

मधला नट १७, १९ किंवा २१ चा असतो. सैल करताना चाक हाताने धरा, स्टेअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावू नका, लॉकची पिन मोडते. शाफ्ट आणि चाक यांवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. नट पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर ठेवा आणि चाक आलटून पालटून दोन्ही बाजूंनी आपल्याकडे खेचा. नट असल्याने सुटलेलं चाक तोंडावर येत नाही. नाहीच सुटलं तर पुलर. बऱ्याच चाकांत त्यासाठी एम-८ आट्यांची दोन भोकं असतात. बोल्ट खोल घालू नका, मागे क्लॉक स्प्रिंगच आहे. शाफ्टवर हातोडी तर अजिबात नको. अपघातात दबण्यासाठी बनवलेला कॉलम ठोकण्याने बिघडतो.

पुढे सोपं आहे. खालून दोन-तीन स्क्रू काढले की कॉलमचं कव्हर दोन भागांत सुटतं. क्लॉक स्प्रिंग तीन-चार खटक्यांवर किंवा स्क्रूंवर असते, खाली तिचे कनेक्टर.

वायरमन_मिरज

नट_बोल्ट भाऊंनी सगळं नीट सांगितलं. पार्ट मागवण्याआधी मीटरने खात्री करून घ्या, एवढंच माझं म्हणणं.

एअरबॅगच्या मॉड्यूलला मल्टिमीटर कधीच लावू नका. आतल्या स्फोटक वातीचा रेझिस्टन्स साधारण २ ओहम असतो आणि मीटर ओहम मोजण्यासाठी स्वतःचा करंट सोडतो. हा धोका कोणत्याही कारणाने पत्करण्यासारखा नाही. मोजायची ती फक्त सुटी केलेली क्लॉक स्प्रिंग, वरची पिन ते खालची पिन, एकेक वायर. चांगली वायर १ ओहमच्या आत दाखवते. मीटर लावलेला ठेवून डबी हळूहळू फिरवा. अर्धवट तुटलेली फीत एका जागी चांगली आणि पाव फेऱ्यावर ओपन दाखवते. अशी फीत असलेल्या गाडीत दिवा कधी लागतो, कधी विझतो, आणि लोक महिनोन्महिने फ्यूज बदलत बसतात.

इथे एक जागा फसवते. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमध्ये पितळेची बारीक पत्ती असते. कनेक्टर सुटला की ती दोन्ही पिना आपापसात जोडते, म्हणजे स्थिर विजेने एअरबॅग उडू नये. त्यामुळे सुट्या कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये मीटर शून्य दाखवतो आणि माणूस 'शॉर्ट आहे' म्हणून चांगला पार्ट फेकून देतो. प्लॅस्टिकची पातळ पट्टी सारून ती पत्ती उचलायची, मग मोजायचं.

कृष्णाकाठ

खूप उपयोगी माहिती, आभार. दोन शंका. एक, दुकानदार 'कोणती देऊ' विचारतो, तर काय बघून घ्यायची? दुसरी, एक इलेक्ट्रिशियन म्हणाला, हॉर्नचं वेगळं बटण डॅशवर देतो आणि एअरबॅगच्या दिव्याला रेझिस्टर लावून देतो, हजारात काम.

पिवळा_कनेक्टर

त्या इलेक्ट्रिशियनला हात जोडा आणि निघा. दोन ओहमचा रेझिस्टर लावला की मॉड्यूलला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझतो, धडक झाली की रेझिस्टरला करंट मिळतो, एअरबॅगला नाही. दोष शोधताना तोच रेझिस्टर दोन मिनिटं लावतात, कोड गेला का बघतात आणि काढून टाकतात. गाडीत ठेवून द्यायची ती वस्तू नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवा: इग्निशन ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागतच नसेल तरी गडबड आहे.

पार्ट घेताना चासी नंबरवरून पार्ट नंबर काढा. सुझुकीच्या कॅटलॉगमध्ये हाच पार्ट 'कॉन्टॅक्ट कॉइल' म्हणून सापडेल, टोयोटात 'स्पायरल केबल', होंडात 'केबल रील'. एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या व्हेरियंटची डबी बाहेरून सारखी दिसते, पण बटणांच्या, क्रूझच्या पिना कमी-जास्त असतात. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या बेस मॉडेलांत एअरबॅगच्या वायरच नसलेला पार्ट असायचा. तो स्वस्तात मिळतो, बसतोही, आणि एअरबॅग जोडायला जागाच नसते. भंगारातला पार्ट घेऊ नका, त्याचा मध्य कुठे आहे आणि फीत किती झिजली आहे ते बाहेरून दिसत नाही.

आणखी एक. पैसे घालवण्याआधी कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का बघा. २०१४ च्या एप्रिलमध्ये टोयोटाने भारतातल्या जवळपास ४५ हजार इनोव्हा याच स्पायरल केबलसाठी परत बोलावल्या होत्या. रिकॉलमध्ये काम फुकट होतं.

नट_बोल्ट

बसवताना सगळा खेळ मध्याचा. नवीन डबी मध्यावर लॉक करून येते, पिन किंवा टेप लावलेली. चाकं सरळ आहेत याची खात्री होईपर्यंत ती काढू नका. चुकून फिरलीच, तर हलक्या हाताने घड्याळाच्या दिशेने थांबेपर्यंत फिरवा, थांबली की जोर नाही, मग उलट अडीच-तीन फेरे, डबीवरच्या खुणा जुळेपर्यंत. नेमके फेरे बहुधा डबीवरच्या स्टिकरवर छापलेले असतात, तेच खरे.

डबीच्या मागचा दाता इंडिकेटरच्या स्विचमध्ये बसतो. तो चुकला तर वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही. पुढच्या दोन पिना चाकाच्या मागच्या भोकांत जायला हव्यात. चाक बसवताना वायरी चाकाच्या मधल्या भोकातून ओढून घ्या, खाली दाबल्या जातात. नट मॅन्युअलच्या टॉर्कवर, बहुतेक गाड्यांत ३० ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. नवीन नट लावा म्हटलं असेल तर नवीनच.

एअरबॅगचा कनेक्टर 'टक्' वाजेपर्यंत, मग जीभ खाली. बॅटरी जोडताना गाडीत कोणी नको. पहिल्यांदा इग्निशन खिडकीतून हात घालून ऑन करा, तोंड एअरबॅगसमोर नको. दिवा विझला नाही तर जुना कोड स्कॅनरने पुसावा लागेल. तुमच्या गाडीत ईएसपी नाही म्हणून बरं. ज्यांच्यात आहे, त्यांच्यात स्टेअरिंग अँगल सेन्सर अनेकदा याच डबीत असतो आणि त्याचा शून्यबिंदू स्कॅनरने परत बसवावा लागतो, नाहीतर ईएसपीचा दिवा पेटून राहतो.

वायरमन_मिरज

बसवल्यावर लगेच रस्त्यावर नेऊ नका. इंजिन चालू करून जागेवरच चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि प्रत्येक पाव फेऱ्याला हॉर्न दाबा. कुठे तुटला किंवा खसखस आली, तर तिथेच थांबा, मध्य चुकलाय, परत उघडा.

सरळ रस्त्यावर चाक थोडं तिरकं दिसलं तर मार्करची रेघ एका दात्याने चुकली आहे. चाक परत काढून दाता सरकवा. टायरवाल्याकडे टाय रॉड फिरवून चाक सरळ करून घेऊ नका. एका टाय रॉडला हात लावला की टो (पुढच्या दोन चाकांचा आपसातला कोन) बिघडतो आणि टायर एका बाजूने खाल्ले जातात.