रोजचा ताण तुम्ही कसा हलका करता?

परभणी, परिचारिका:
आमच्या ओपीडीत "मला ताण आहे" असं म्हणत कुणी येत नाही. डोकं जड पडतंय, जळजळ होतीय, रात्री दोनला जाग येते न् मग डोळा लागत नाही, असं सांगतात. ताणात ॲड्रेनलिन, कॉर्टिसोल वाढतं, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो. धोका टळला की हे उतरायला हवं. आपल्याकडे जूनमध्ये पेरणीची काळजी, ऑगस्टमध्ये पावसाचा खंड, दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचा भाव. उतरायला उसंतच नाही. म्हणून सल्ले नकोत. तुमच्या जिवाला खरंच ज्याचा आराम पडला, तेवढंच लिहा.

लातूर, नीटची तयारी करणाऱ्या मुलीची आई:
मूळ गाव उदगीरकडं. लेकीसाठी इथं खोली करून राहते. दर आठवड्याला टेस्ट, अन् गुण तिच्याआधी माझ्या मोबाईलवर. ते आले की माझाच जबडा आवळायचा, मान धरायची. माझ्या तोंडाकडं बघून ती जेवायची थांबायची. मग आम्ही तिघांनी ठरवलं: गुणांचं बोलणं जेवणानंतर, तेही तिनं काढलं तर. तिचे पप्पा गावाकडून फोन करतात, ते आता "जेवलीस का, झोप झाली का" एवढंच विचारतात. फीचा आकडा डोक्यात असताना बापाला गप्प बसणं सोपं नसतं, तरी बसतात. संध्याकाळनंतर चहा बंद केला, कारण कॅफीन अंगात कित्येक तास रेंगाळतं. रात्री तिचा फोन माझ्याकडं. शेजारच्या खोल्यांतल्या आया मिळून आम्ही अंधार पडायच्या आत चालून येतो. तिथं गुणांचा विषय काढायचा नाही, हा नियम. माझी मान मोकळी झाली, तिला झोप लागते.

जिंतूर, शेतकरी:
दिवसभर मोबाईलवर मोंढ्याचा भाव बघायचो. बघून भाव वाढत नाही. आता सकाळी एकदाच. दुसरं, सगळं देणं एका वहीत मांडलं: बँक, सोसायटी, आडत्या, हातउसनं. वही बायकोला अन् भावाला दाखवली. लई जड गेलं ते. आकडा तेवढाच आहे, पण सोसायटीत बोलायला भाऊ गेला. मला एकट्याला ते झालं नसतं. बीपी १५०/१०० निघाली होती. गोळी रोज घेतो, बरं वाटतंय म्हणून सोडली नाही.

माजलगाव, आशाताई:
बायकांना "स्वतःसाठी वेळ काढा" म्हणू नका. त्यांना राग येतो, अन् बरोबरच आहे. ऊसतोडीच्या टोळीतली बाई अंधारातच कोयता हातात घेते. गावात असल्यावर मात्र त्या हरिपाठाला येतात. तेवढा वेळ घरातलं कुणी हाक मारत नाही. नंतर ओट्यावर बोलत बसतात. बीपीचं मशीन मी तिथंच नेते.

वाळूज, कंपनी कामगार:
रात्रपाळीहून आलो की छाती धडधडायची. ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टरांनी सांगितलं, श्वास घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावा. कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या करतो, ठोके उतरतात. तरी मन लागेना, तेव्हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन केला. फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात.

परभणी, परिचारिका:
जिंतूरच्या दादा, गोळीचं लिहिलंत ते फार बरं केलंत. वाळूजच्या भाऊंनी आधी ईसीजी काढला, हेही. छातीत दुखून घाम फुटला, कळ हाताकडं किंवा जबड्याकडं गेली, तर ताण समजून घरी थांबू नका. लातूरच्या ताई, तुम्ही लेकीचंच जास्त लिहिलंत. एकदा स्वतःची बीपी मोजून घ्या. धाराशिव, नांदेडकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही, वाट बघते.