गोचीड ताप ओळखायला काचपट्टी कशाला?

“ताप १०५, अंगावर गोचीड, म्हणजे गोचीड तापच. रक्त तपासायचं खूळ शहरी डॉक्टरांचं. ऑक्सिटेट्रा हे अँटिबायोटिक टोचा, गाय उभी राहते.” कालपासून दूधवाल्यांत फिरणाऱ्या या पोस्टवरची ही चर्चा.

पशुवैद्य, नगर : उभी राहिली ती तुम्ही मोजली, मेलेली कोण मोजतो? गोचिडातून रक्तातले वेगवेगळे रोगजंतू येतात : थायलेरिया येतो, बबेसिया येतो, अनाप्लाझ्माही. तिन्हींत ताप, तिन्हींत गाय पांढरी पडते. ऑक्सिटेट्रा अनाप्लाझ्मावर चालतं. थायलेरियाला ब्युपारव्हाक्वोन लागतं, बबेसियाला डिमिनॅझिन. खांद्यापुढची गाठ सुजली तर संशय थायलेरियाचा, लघवी कॉफीसारखी झाली तर बबेसियाचा. पण गाठ प्रत्येकीला सुजतेच असं नाही. कानाच्या शिरेतला रक्ताचा एक थेंब तपासणीसाठी काचपट्टीवर घ्यायला काय जातं?

गोठेवाला, सांगोला : घ्यायला काही जात नाही हो, पोचवायला जातं. पट्टी तालुक्याला, रिपोर्ट परवा. गाय तोवर थांबते का? माझी नाही थांबली.

डिप्लोमावाला (पशुसेवेचा डिप्लोमा, डॉक्टरची पदवी नाही) : पट्टीवाले रात्री अडीचला गोठ्यात येतात का? आम्ही येतो.

पशुवैद्य, नगर : या की, पण १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याचं कलम ३० वाचून या. नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली किरकोळ सेवा, एवढीच परवानगी. शिरेतून कॅल्शियम सोडणं किरकोळ झालं? आमच्याकडे एकाने ताज्या व्यायलेल्या म्हशीला बाटली भराभर सोडली. हृदय बंद, जागेवर गेली.

डिप्लोमावाला : आणि डिग्रीवाला थर्मामीटर न लावता फोनवर औषध सांगतो, ते कुठल्या कलमात बसतं?

देशी गोपालक : भांडताय कशाला? खरं दुखणं एचएफ, म्हणजे ती विदेशी होल्स्टीन गाय. खिल्लारला काही होत नाही.

पशुवैद्य, नगर : लागण तिलाही होते, दादा. ती सोसते, संकरित गाय कोसळते.

गोठेवाला, सांगोला : खिल्लारच्या दुधावर माझा बँकेचा हप्ता फेडा, उद्याच बांधतो. डॉक्टरसाहेब, तुमचं अर्धं मानलं. पट्टी घेतो, पण रिपोर्टची वाट न बघता टोचतो. चालेल का महाराज?

पशुवैद्य, नगर : चालेल, पण रक्त टोचायच्या आधी घ्या. औषधानंतर परजीवी दिसले नाहीत की “बघा, निगेटिव्ह!” म्हणून मलाच नाचवाल. आणि पट्टी हवेत नीट वाळवा, माश्या बसू देऊ नका, चाटून साफ करतात.

डिप्लोमावाला : रक्त काढणं किरकोळ सेवेत येतं ना साहेब? की तेही तुम्हीच, सकाळी दहानंतर?